डावीकडचा मॉनिटर

माझं काम कडांचं आहे. चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या एका लहानशा गेम कंपनीत मी नोकरी करते आणि आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचे गोळीबाराचे खेळ बनवतो. बनवणारे सगळे आपापल्या टेबलावरच्या एका स्क्रीनकडे बघून बनवतात. विकत घेणारा मात्र काय लावून बसेल याचा नेम नसतो. कोणाकडे हातभर रुंद, वाकवलेला स्क्रीन असतो. कोणी तीन मॉनिटर ड्रेसिंग टेबलाच्या आरशांसारखे कोनात मांडतो. असा खेळ पसरला की चित्र बिघडतं. कडेची माणसं ताणून बुटकी आणि जाडी दिसतात, उभ्या माणसांची डोकी कापली जातात, उरलेल्या गोळ्यांचा आकडा इतक्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसतो की तो बघायला मान वळवावी लागते. हे सगळं जागेवर आणणं माझ्याकडे. ते नीट जमलं की मधल्या मॉनिटरवर नेहमीचं दृश्य राहतं आणि दोन्ही बाजूंना जास्तीचं जग उघडतं. डावीकडची गल्ली, उजवीकडचा जिना. एका स्क्रीनवाल्याला ते दिसत नाही.

हे मला पाठ होतं. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्या वर्षी आमचा नवा खेळ बाजारात यायचा होता. त्याआधी चुका सापडाव्यात म्हणून काही लोकांना तो घरी खेळायला दिला होता. दुसऱ्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या, आणि सगळ्या एकाच खेळाडूबद्दल. "याला भिंतीपलीकडचं दिसतं." "कोणी समोर यायच्या आधीच हा वळतो." "याला काढा, नाहीतर आम्ही खेळत नाही."

आमच्या धंद्यात संशय हा पगाराचाच भाग आहे. खेळाच्या पोटात हात घालून भिंतीआडची माणसं दाखवणारी चोरटी सॉफ्टवेअर मिळतात आणि ती वापरणारे सगळे शपथेवर सांगतात की आम्ही नाही. आमची टीम लीड तिरुनेलवेलीची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण या बाबतीत कसलेल्या फौजदारासारखी. ती म्हणायची, "आधी दोषी धर, मग सुटला तर सुटला." तिने त्या खेळाडूची रेकॉर्डिंग आम्हा तिघांना वाटून दिली.

मी पाहिली. पहिल्या पाच मिनिटांत माझी खात्री पटली. खेळाडू बाजारपेठेतून सरळ चाललेला असतो, स्क्रीनवर चिटपाखरू नसतं, आणि अचानक तो डावीकडे वळून गोळी झाडतो. वळल्यावर तिथे खरंच माणूस असतो. एकदा, दोनदा, सात वेळा.

एक गोष्ट मात्र खटकत होती. हाच माणूस कधीकधी अगदी समोर, स्क्रीनच्या डाव्या भागात, ढळढळीत उभ्या असलेल्या शत्रूच्या जवळून निघून जायचा. बघायचाही नाही. भिंतीपलीकडचं ज्याला दिसतं त्याला पुढ्यातलं दिसत नाही, हे कसं? मी ते रेकॉर्डिंग तीनदा मागे घेतलं. मग माझं मीच उत्तर काढलं: हा बनेल आहे. फार अचूक खेळलं तर पकडले जाऊ म्हणून मधूनमधून मुद्दाम चुकतो.

संशयाला एकदा खायला घालायला लागलं की तो काहीही खातो.

त्याची खेळायची वेळही मला विचित्र वाटली. रोज सकाळी अकरा ते साडेबारा. शाळाकॉलेजची मुलं त्या वेळी खेळत नाहीत, नोकरदार खेळत नाहीत. मग कोण खेळतं? ज्याचं हेच काम आहे असा कोणीतरी. खेळ बाजारात यायच्या आधी त्याचं कुलूप फोडायला कोणीतरी बसवलेला. हा अंदाज मी मीटिंगमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने मांडला. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या आणि शुक्रवारी आम्ही त्याचं अकाउंट बंद केलं. बंद केल्याची मेल ज्याने शेवटचा शेरा लिहिला त्याच्या नावाने जायची. शेरा माझा होता.

सोमवारी उत्तर आलं. शिव्या नव्हत्या. जुन्या सरकारी वळणाचं इंग्रजी होतं: आपल्या निर्णयाचं कारण कळलं नाही, माझी सामग्री तपासायला आपला अधिकारी घरी पाठवावा, दुपारी दोनच्या आत यावे. खाली चेन्नईतल्याच मंदवेळीचा पत्ता. आणि अगदी शेवटी, रोमन अक्षरांत पण मराठीत, एक ओळ: "आपण मरठे का? आम्हीही मरठेच."

माझं आडनाव वाचून त्याने ओळखलं होतं. चेन्नईत आडनावावरून कोणी मला ओळखत नाही. नऊ वर्षांत माझ्या आडनावाचे चार प्रकारे उच्चार झाले आहेत. त्यामुळे ती ओळ वाचून बरं वाटायला हवं होतं. मला उलट भीती वाटली. आम्हाला शिकवलेलंच असतं की नाव-गाव काढून, आपला म्हणवून, मग हळूच आत शिरणारे लोक असतात.

लीडला दाखवलं. ती म्हणाली, "जाऊन ये ना. मंदवेळी काय लांब आहे? पण एकटी आत जाऊ नकोस."

"तू येतेस?"

"मला सुट्टीच्या दिवशी खुन्यांच्या घरी जायचं नाही," ती हसून म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, "खरंच वापरत असेल तर ते सॉफ्टवेअर कुठलं आहे ते आपल्याला कळलं पाहिजे. फोटो काढ."

शनिवारी सकाळी मी निघाले. माझा नवरा बँकेत आहे, त्याच्याच बदलीमुळे आम्ही इथे आलो आणि मग माझ्या नोकरीमुळे राहिलो. त्याला मी पत्ता लिहून दिला. साडेअकराला त्याने फोन करायचा आणि मी "दूध आणलंस का?" असं विचारलं तर समजायचं की काहीतरी गडबड आहे, असं आम्ही ठरवलं. त्याला हा सगळा प्रकार पोरकट वाटत होता, तरी त्याने हो म्हटलं.

मंदवेळीला उतरून दोन गल्ल्या चालल्यावर ते घर सापडलं. जुन्या तीनमजली इमारतीत पहिल्या मजल्यावर. दारापुढे त्या दिवशीचा रांगोळीचा कोलम, अजून न विस्कटलेला. पन्नाशीचा, सोनसाखळीवाला, चार पोरं हाताशी बाळगणारा कोणीतरी दार उघडेल असं माझ्या मनात होतं. दार उघडलं ते सुती नऊवारी नाही आणि सहावारीही नाही अशा काहीतरी पद्धतीने लुगडं नेसलेल्या, पासष्टीच्या बाईंनी. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या.

"कंपनीहून आलांत? येवा," त्या म्हणाल्या. "जोडे तेथेंच राहूं द्या."

शब्द मराठीच होते पण हेल पूर्ण तमिळ. क्षणभर मला कळेना कुठल्या भाषेत उत्तर द्यावं.

"नमस्कार, काकू," मी म्हटलं.

"काकू?" त्यांना गंमत वाटली. "इथें सगळे मामी म्हणतात. तुम्हीही म्हणा."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि एक उंच, वाळके गृहस्थ आले. कमरेला पांढरी वेष्टी, अंगात बाह्यांचा बनियन, नीट भांग. येताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला चांगलाच आपटला. ते थांबले, चौकटीकडे बघून "सॉरी" म्हणाले आणि मग मला हात जोडले.

"आमची तंजावूरची मरठी. तुम्हांस हसूं येईल," ते म्हणाले. "वडिलांच्या वडिलांपासून तीच बोलतों."

मी हसले नाही. माझी नजर त्यांच्या मागच्या खोलीवर होती.

तिथे जेवणाच्या टेबलावर तीन मॉनिटर मांडले होते. तिन्ही एकाच जातीचे, ऑफिसातून निवृत्त केलेले, जाड काळ्या चौकटींचे, आजकाल कोणी ठेवत नाही असे. रिची स्ट्रीटच्या बाजारातून जुने आणले, असं त्यांनी सांगितलं. मधला सरळ, दोन बाजूचे आत वळवलेले. डावीकडच्या मॉनिटरच्या बाहेरच्या कडेवर वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावलेली. टेबलापाशी खुर्च्या दोन होत्या. एक मधल्या मॉनिटरसमोर आणि एक डावीकडे.

तीन मॉनिटर पाहिल्याबरोबर मला आमची चूक दिसली. आम्ही जी रेकॉर्डिंग बघत होतो ती आमच्या ऑफिसातल्या एका स्क्रीनच्या मापाने काढलेली होती. खेळाडूकडे कितीही रुंद दृश्य असलं तरी आमच्याकडे फक्त मधला तुकडा यायचा. बाजूच्या दोन मॉनिटरांवर काय दिसत होतं ते आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आणि हे ज्या बाईला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं ती मीच होते.

पण खरं सांगते, त्या क्षणीही मी हार मानली नाही. दोन खुर्च्या का, असा नवा संशय लगेच उभा राहिला. आमचा नियम होता: एक अकाउंट, एक खेळाडू.

"दुसरी खुर्ची कोणाची?" मी विचारलं.

"माझी," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. लपवायचा प्रयत्नही नाही.

गृहस्थांनी मला समोर बसवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, रणगाड्यांच्या विभागात. रणगाड्याच्या आत बसून बाहेर बघायला काचेच्या खिडक्या असतात, पुढे, डावीकडे, उजवीकडे. त्या बसल्यावर तपासणं हे त्यांचं काम. "तीस वर्षें पाहिलें. गोळी एकही नाहीं झाडली," ते म्हणाले. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. गेली ती डावी बाजू. डोळे दोन्ही चांगले आहेत, पण मेंदूला डावीकडचं अर्धं दिसत नाही. काळोख दिसतो असंही नाही. तिकडे काही आहे हेच कळत नाही.

"ताटांत डावीकडे वाढलेली कोसंबरी तशीच राहायची," मामी म्हणाल्या. "मला वाटे, आवडत नाहीं. भांडलें मी. मग डॉक्टरांनी सांगितलें. आतां अर्धें जेवण झालें की ताट फिरवते."

डॉक्टरांनी त्यांना सारखी मान डावीकडे वळवायची सवय लावायला सांगितली होती. कागदावरच्या ओळी, ठिपके, असे काही व्यायाम दिले होते. त्यात त्यांचं मन लागेना. मग आमच्या खेळाची जाहिरात त्यांनी पाहिली आणि अर्ज केला. एका स्क्रीनवर काही जमेना. डावीकडून कोणी आलं की मेलेच. तेव्हा त्यांना कारखान्यातल्या खिडक्या आठवल्या.

"एक मोठा पडदा घेतला तर माझ्यासाठीं तो उजवीकडेच संपतो," ते म्हणाले. "डावीकडे कुठें थांबायचें तें कळत नाहीं. हे तीन घेतले. मधें काळी पट्टी येते ना? उजवीकडून मान वळवायची. पहिली काळी पट्टी दिसली, दुसरी दिसली, मग लाल दिसली. लाल दिसली की डावें संपलें."

मॉनिटरांच्या मधली ती काळी पट्टी सगळ्या खेळाडूंना नकोशी असते. तिने चित्र तुटतं, म्हणून ती कमीत कमी खुपावी यासाठी मी दोन महिने काम केलं होतं. आणि या माणसाने मुद्दाम जाड चौकटीचे मॉनिटर शोधून आणले होते.

"आणि मामी?"

"मी विसरतों मान वळवायला. ती सांगते."

हे सगळं इतकं बरोबर जुळत होतं की मला ते खरं वाटेना. आजाराची गोष्ट ऐकली की आपण लगेच विरघळतो, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. चौकट खांद्याला लागली खरी, पण ती लावूनही घेता येते. मामी काफी घेऊन आल्या, पितळेच्या डबऱ्यात, म्हणजे खोल वाटीत, उभा पेला. त्यांनी नवऱ्याचा पेला त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि माझ्यासाठी दुसरा आणायला आत वळल्या. गृहस्थ मधल्या मॉनिटरकडे बघत खेळ उघडत होते. मी हात पुढे केला आणि त्यांचा पेला आवाज न करता उचलून त्यांच्या डावीकडे ठेवला. हातभर अंतरावर.

स्क्रीनवर खेळाचं नाव आलं. त्यांनी उजवा हात पेल्याकडे नेला. जागा रिकामी. बोटांनी थोडं चाचपलं. टेबलाकडे पाहिलं, उजवीकडे, समोर. पेला तिकडे वाफाळत होता आणि त्यांचा चेहरा त्याच्यावरून निघून गेला, भिंतीवरून जावा तसा. "काफी नेली का परत?" त्यांनी आतल्या दिशेला विचारलं.

मी वर पाहिलं. मामी दारात उभ्या होत्या, माझा पेला हातात. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

येऊन त्यांनी पेला उचलला, नवऱ्याच्या उजव्या हातात दिला आणि त्याला म्हणाल्या, "मीच तिकडे ठेवली. चुकलें." मग माझा पेला माझ्यापुढे ठेवला, जरा जोरात.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साडेअकरा. नवरा म्हणाला, "सगळं ठीक?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

"सांगा त्यांस," मामी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही बरी माणसें आहोंत."

त्यांचं अकाउंट बंद होतं म्हणून मी माझ्या चाचणीच्या अकाउंटने त्यांना आत घेतलं. मग त्या दोघांना खेळताना पाहिलं. ते मधल्या खुर्चीवर, उंटासारखी मान लांब करून, माउस धरून. मामी डाव्या खुर्चीवर, मांडीवर हात, टीव्हीवर मालिका बघावी तशा.

"डावें," त्या म्हणाल्या. ते वळले, गोळी झाडली.

"आणखी डावें. जिन्यापाशीं. अय्यो, गेला पळून."

"लवकर सांग गे."

"लवकर सांगितलें की तुम्ही भलतीकडे वळतां."

उजवीकडचं त्यांचं ते बघत होते, झटकन. डावीकडे मामींचा शब्द आला की वळत होते. मधल्या मॉनिटरच्या डाव्या भागात कोणी उभा राहिला आणि त्या वेळी मामी आपल्या मॉनिटरकडे बघत असल्या की ते त्याच्या अंगावरून निघून जात. मी ज्याला बनेलपणा म्हटलं होतं तो हाच.

फोटो मी काढले नाहीत. निघताना मामी दारापर्यंत आल्या. मी चपला घालता घालता म्हटलं, "मामी, ते पेल्याचं... मला माफ करा."

"तुमचें काम आहे तें," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

सोमवारी मी ऑफिसात सगळं लिहून दिलं. आमची रेकॉर्डिंग अपुरी होती हे लिहिलं, ती चूक माझ्या लक्षात यायला हवी होती हेही. आणि दुसऱ्या खुर्चीबद्दलही लिहिलं. ते लिहू की नको यावर मी सकाळभर विचार केला. न लिहिता आलं असतं. पण मग मी पुढच्या प्रत्येकाबद्दल काय लिहिणार होते?

लीडने दोनदा वाचलं. "म्हणजे तो फसवत नाही, पण दोघं मिळून खेळतात."

"गोळी तोच झाडतो."

"आणि ती त्याचे अर्धे डोळे आहे." ती थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिली. "माझी आत्या असती तर मीही बाजूला बसले असते. पण क्रमवारीच्या सामन्यात हे चालू दिलं तर उद्या प्रत्येक जण बाजूला एक मामी बसवेल."

अकाउंट त्याच दिवशी उघडलं, दुसरी खुर्ची क्रमवारी नसलेल्या मोकळ्या खेळापुरतीच या अटीवर. माफीची मेल माझ्या नावाने गेली. पण प्रकरण तिथे मिटलं नाही. मुळात बाजूच्या मॉनिटरांवर जास्तीचं जग दिसतं, ही गोष्ट तक्रार करणाऱ्यांना आता कळली होती, आणि ते म्हणायला लागले की ज्याच्याकडे तीन मॉनिटर त्यालाच जास्त दिसणार असेल तर हा कसला सामना. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ठरलं असं की मोकळ्या खेळात कितीही रुंद चालेल. क्रमवारीच्या सामन्यात मात्र सगळ्यांना एका स्क्रीनएवढंच दिसेल, बाजूचे मॉनिटर काळे राहतील. ते काळं करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

मेलने कळवता आलं असतं. मी पुन्हा मंदवेळीला गेले. या वेळी नवऱ्याला पत्ता दिला नाही.

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. "क्रमवारींत बाविसावा होतों," ते म्हणाले. "बरें. नियम म्हणजे नियम. कारखान्यांतही असेंच. काच चांगली असली तरी माप चुकलें की परत पाठवायची."

मामी भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवशीं पेला सरकवलांत. आज पडदा काढलांत."

गृहस्थांनी "कसला पेला?" असं विचारलं आणि मामी म्हणाल्या, "कांही नाहीं. जुनें आहे." मामींनी नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी एक गोष्ट करायला लागले जी मी करायला नको होती. रोज अकरा वाजता ते खेळात आले का, हे मी ऑफिसातून बघायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि खेळाडूंची माहिती अशी खाजगी कुतूहलासाठी उघडणं आमच्या नियमांत बसत नाही. पण बघायचे. मोकळ्या खेळात ते रोज यायचे, साडेबारापर्यंत राहायचे. रेकॉर्डिंग आता पूर्ण रुंदीची निघत होती. ते मी पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केलं होतं. बाहेर बाजारात खेळ आला, बरा चालला, पाऊस येऊन गेला, आणि माझी ही सवय राहिली.

मग एका मंगळवारी मला काहीतरी वेगळं दिसलं. अकाउंट तेच, वेळ तीच, पण हात निराळा. माउस थरथरत फिरत होता. डावीकडचा माणूस दिसल्याबरोबर टिपला जात होता, कोणाची वाट न बघता. आणि उजवीकडे वळायला एक क्षण उशीर होत होता. बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

माझं मन सरळ कुठे जाणार? शुक्रवारपर्यंत मी मनातल्या मनात त्यांचं सगळं करून मोकळी झाले होते. दुसरी गुठळी. हॉस्पिटल. किंवा त्याहून वाईट, आणि घरात मामी एकट्या, त्यांच्या खुर्चीवर बसून. किंवा ते आहेत ठीक आणि अकाउंट कोणाला तरी विकलंय, हेही मनात येऊन गेलं. ते मी लपवत नाही. फोन करावा तर काय सांगणार, की मी रोज तुमच्यावर नजर ठेवून असते?

शेवटी फोन केला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला.

"हलो?" त्यांचाच आवाज.

"काका, मी... सहज केला. तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. काय झालें?"

"काही नाही. खेळताय का?"

"ती खेळते," ते म्हणाले. मागून मामींचं काहीतरी तमिळमध्ये ओरडणं ऐकू आलं. "म्हणाली, तुम्हांस सांगून सांगून घसा दुखला, सरका आतां. चार दिवस झाले. माउस धरायला येत नाहीं अजून, पण धीट आहे. मी उजवीकडे बसतों. तें मला दिसतें."

"मग सामने?"

"त्याचें काय करायचें आहे," ते म्हणाले. मग आवाज बदलला. "थांब पोरी. जिन्यावर कोणी आलें आहे." आणि फोन तसाच टेबलावर ठेवून ते मोठ्याने ओरडले, "उजवें! अगे, उजवें!"

मी थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोन बंद केला, आणि समोरच्या स्क्रीनवरची त्यांच्या खेळाची खिडकीही.